पहिली निवड, गुडघ्यासकट

२०१४चा ऑगस्ट, शेवटचा शनिवार, दुपारचे चार. जमा वर्गणी चारशे डॉलर, माणशी पन्नास. स्थळ सिंगापूरमधला माझा पुंगोलचा फ्लॅट. हजर आठ जण: सात जण बसलेले, आणि आठवे माझे साडू, बाल्कनीच्या दाराला टेकून उभे. गुडघा दुखत असला की मुळीच बसायचं नाही, हा त्यांचा नियम. शहाण्या लोकांनी टाकून दिलेली प्रत्येक गोष्ट हा माणूस उचलणार, आणि वर तुम्हालाच विचारणार, "यात वाईट काय आहे?"

त्यांच्या सेम्बावांगच्या घरातला पंखा शेजाऱ्यांनी इमारतीखाली टाकून दिलेला होता. छत्रीच्या आठ काड्यांपैकी तीन त्यांनी स्वतः बसवलेल्या. ते जहाजाच्या गोदीत तपासनीस. तिथे शिडीवरून पडले, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, कंपनीने त्यांना टेबलाच्या कामावर बसवलं. तरी जेवणाच्या सुट्टीत ते शिडी चढून येत, फक्त चढता येतं हे पाहायला. एकदा रॅफल्स प्लेसहून आम्ही एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, निघालो. एक मुलगी त्यांना पाहून उठली. "बस बाळा, मी पुढच्याच स्टेशनला उतरतोय," म्हणाले, आणि चौदा स्टेशनं उभे राहिले. मी मोजली.

अमेरिकन फुटबॉलचं खूळ त्यांचंच. तरुणपणी ते दोन वर्षं तिकडे होते; आम्हा सात जणांना हा खेळ त्यांनीच समजावला. दर ऑगस्टला आम्ही तिकडचे खरे खेळाडू पाळीपाळीने निवडून आपापला कागदी संघ करायचो. सामने ते तिकडे खेळायचे, गुण माझ्या एक्सेलमध्ये पडायचे; खजिनदारही मीच. आदल्या वर्षी जो शेवटचा, त्याला पहिली निवड. आणि जो तीनदा शेवटचा, त्याची जागा गेली. हा नियम मीच लिहिला होता. साडू दोनदा शेवटचे आले होते, दुसऱ्यांदा आदल्याच वर्षी.

म्हणून पहिली निवड त्यांची. त्यांनी नाव घेतलं ते एका नवख्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे चेंडू फेकून सगळा संघ चालवणाऱ्याचं. कॉलेजातून आलेला, पण वय एकोणतीस, आणि शेवटच्या सामन्यात गुडघा फाटून शस्त्रक्रिया झालेला. हॉलमध्ये हसू पसरलं. माझी मुलगी फोनवर त्याचा फोटो बघून इथल्या बोलीत म्हणाली, "काका, सो ओल्ड, ला."

मी माझं सूत्र दाखवलं. शंभरातून, पंचविशीनंतर दर वर्षाला दोन गुण वजा, शस्त्रक्रियेचे दहा. "अहो, अठरा गुण इथेच गेले. आणि यंदा शेवटचे आलात तर जागा जाईल."

"साडूभाऊ, तुमच्या सूत्रात पडून उठल्याचे किती गुण धरलेत?"

"तो रकाना नाही."

"मग लिहा त्याचं नाव."

बायकोने वड्यांची बशी पुढे केली. "भाऊजी, अजून बदला हवं तर." त्यांनी वडा घेतला, नाव बदललं नाही.

तो मुलगा डिसेंबरपर्यंत बाकावर बसून राहिला. दर सोमवारी साडूंचा फोन यायचा: "आज उभा होता म्हणे. बाकावर नव्हता." शेवटच्या आठवड्यात त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि हा मैदानात उतरला. लंगडत खेळला, आणि चांगला खेळला. साडू तीन गुणांनी शेवटचे आले. मी बेरीज तीनदा केली. मला ती चुकलेली चालली असती.

त्यांनी वाद घातला नाही. जानेवारीत रिकाम्या जागेसाठी दोन अर्ज आले. एक सत्तावीस वर्षांच्या इंजिनिअरचा. दुसरा साडूंचा, टाइप केलेला: वय छप्पन्न, डावा गुडघा शस्त्रक्रिया झालेला, मागील कामगिरी तीनदा शेवटचा.

"असं कसं चालेल?" कोणीतरी म्हणालं.

"जुन्या माणसाला नव्याने घ्यायचं नाही, असं नियमात कुठे आहे? दाखवा." ते दाराला टेकून उभेच होते.

नियमात नव्हतं. सहा जणांच्या चिठ्ठ्या तीन-तीन पडल्या. सातवी माझी. सवयीने मी सूत्र लावलं: इंजिनिअर शहाण्णव, साडू अठ्ठावीस. आकड्यांविरुद्ध मी आजवर काही केलेलं नाही. घरही व्याजदर पाहून घेतलं. चिठ्ठीवर मी साडूंचं नाव लिहिलं.

पुढे दोन वर्षांनी गोदीचं काम संपलं आणि ते पुण्याला परतले. बाल्कनीच्या दाराची ती बाजू आता मोकळीच असते; तिथे कोणी उभं राहत नाही. चिठ्ठ्यांच्या त्या दिवसाच्या पावतीची स्थळप्रत मात्र माझ्याकडे आहे. चिठ्ठ्या मोजून झाल्यावर ते प्रथमच खुर्चीत बसले, गुडघा सरळ केला, आणि खिशातून दहाच्या पाच नोटा काढल्या. मी पावती लिहिली: मिळाले पन्नास डॉलर, रोख, खजिनदाराला. देणार: नवीन सभासद.