मोहाखालून पळालेली बाई

"ए म्हातारे, ओटी मोकळी कर."

असं म्हणाला तो. वयानं माझ्या लेकाहून लहान. जंगलाच्या कडेला मोठं रिसॉर्ट झालं, तिथला मॅनेजर. मी आमच्या मोहाखाली बसून फुलं वेचून राह्यली होती. टोपली भरली होती, उरलेली फुलं लुगड्याच्या ओटीत घेतली होती. हा मोह त्याईच्या कुंपणाबाहेर आहे, गावाच्या जंगलात. माझ्या सासूनं वेचला, तिच्या सासूनं वेचला. कोणतं झाड कोणाच्या घरचं, हे आमच्या इथी लेकरालेबी माहीत असते.

"गंदे लोग. आमच्या पाहुण्यांच्या रस्त्यावर पसारा करता. चोरी आहे ही. पोलीस बोलवतो. जेलात सडशील."

पोलीस म्हटलं अन् मी घाबरली. आमच्या भागात हा शब्द हलका नाई, बाबा. मी ओटी सोडली. ओली फुलं खाली पडली, त्यानं ती बुटानं बाजूला सारली. मागं पाहुण्यांची उघडी जिप्सी उभी. एक बाई मोबाईल धरून होती. अन् मी पळाली. या वयात. लुगडं गुडघ्यावर धरून, टोपली तिथीच टाकून. मागून हसण्याचा आवाज आला.

लाज त्याले वाटाले पाहिजे होती. वाटली मले.

घरी सून म्हणाली, "माय, टोपली कुठी?" मी चुलीत काड्या सारत बसली. तिच्याकडं पाहिलंच नाई. जेवण गेलं नाई. डोळे मिटले की माझंच पळणं दिसे, मागून दिसावं तसं, जसं त्या जिप्सीतल्या लोकाईनं पाहिलं असन.

दुसऱ्या दिवशी मी मोहाकडं गेली नाई. तिसऱ्या दिवशी शेजारची जनाबाई सांगत आली, तिथी मजूर खड्डे खोदून राह्यले. कुंपण पुढं येऊन राह्यलं. माझा मोह आत, तिचाबी आत. मी पळाली तर त्याईले वाटलं, ही जागा सुटली.

जनाबाई तोंडाची तिखट. म्हणाली, "काऊन वं, वाघापुढं कधी पाठ दाखवली नाईस, अन् बूटवाल्यापुढं पळाली?"

मले रडू आलं. पण तिचं खरं होतं. मोह वेचणाऱ्या बाईले पहिले हेच शिकवतात. वाकलेली बाई वाघाले जनावर दिसते. म्हणून चाहूल लागली की उभं राहाचं, सरळ, सगळ्याईनं मिळून. ओरडाचं नाई. पळाचं त बिलकूल नाई. हे मी माझ्या सुनेले शिकवलं. अन् स्वतः?

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही बाया गेलो. निघाच्या आधी ग्रामसभेच्या अध्यक्षाले सांगून ठेवलं. खड्ड्याजवळच बसून वेचाले लागलो. तो आला.

"फिर आ गई?"

मी उभी राह्यली. मग जनाबाई, मग बाकीच्या.

"भाऊ, तुमचं नाव काय?" मी म्हटलं.

"तुला काय करायचं नाव?"

"तुम्ही पोलीस बोलावणार होता ना. बोलवा. आम्ही इथीच आहो. ग्रामसभेचे लोकबी येऊन राह्यले. फुलाचा हक्क गावाले कायद्यानं भेटला आहे. चोर कोण, ते सगळ्याईसमोर सांगा."

त्यानं मोबाईल काढला. कानाले लावला. आम्ही पाहत होतो. मग खाली घेतला अन् म्हणाला, "मालकाशी बोलतो," अन् गेला. जाताना मजुराईलेबी घेऊन गेला.

जिंकली असं मी म्हणणार नाई. मालक अजून यायचा आहे, खड्डे तसेच आहेत. माझी भीतीबी गेली नाई. अन् ती लाज, तिले मी धुऊन टाकणार नाई. त्याईनं मले हसत पाहिलं, ते मले आठवत राहू दे.

पण यापुढं पोलिसाचं नाव घेऊन कोणी मले उठवाले आला, त मी एवढंच म्हणन, बोलाव. अन् पोलीस येईपर्यंत मी वेचत राहीन. आले की त्याईच्यासमोरबी वेचीन.