बाजरीच्या पोत्यानं पास केलेली बाबागाडी

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा मला एकट्यानं बाजारातून आणायची परवानगी असलेली वस्तू एकच उरली होती, ती म्हणजे कोथिंबीर. बाकीचे अधिकार एकेक करून काढून घेण्यात आले होते. शेवटचा गेला तो कूलरमुळे. जळगावच्या उन्हाळ्याची कायमची जिरवायची म्हणून मी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर आणला. तो खिडकीत बसेना आणि दारातून आत येईना. शेवटी दोन उन्हाळे तो आमच्या ओट्यावर उभा राहून समोरच्या बिऱ्हाडाला गार करत होता. (समोरच्यांनी आभार म्हणून दिवाळीत चिवड्याचा डबा पाठवला. बायकोनं तो अख्खा मला एकट्याला संपवायला लावला.)

अशा परिस्थितीत आमची मुक्ता अकरा महिन्यांची झाली आणि तिला बाबागाडी घ्यायचं ठरलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यामुळे मी लगेच जाहीर केलं की गाडी तीनचाकीच घ्यायची.

"तीनच का?" बायकोनं, म्हणजे मनीषानं, विचारलं.

"तीन पायांचं स्टूल कुठंही ठेव, डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली मात्र हॉटेलवाल्याला कागदाची घडी घालावी लागते. शास्त्र आहे ते."

"कूलरच्या वेळीही शास्त्रच होतं."

मी पुन्हा स्टुलाचा दाखला द्यायला लागलो. मनीषानं मला मध्येच तोडलं आणि ती म्हणाली, "घ्या तुम्ही तीनचाकी. पण यावेळी फसलात ना, तर कोथिंबीरसुद्धा मीच आणत जाईन."

माणसाची बाजारातली सगळी अब्रू एका जुडीवर टिकलेली असते तेव्हा त्याला अशी धमकी फार लागते. मला लागली. ही गाडी काही झालं तरी पास व्हायलाच हवी, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पण गाडी पास करणार होते नाना. नाना म्हणजे माझे सासरे. साक्रीपलीकडच्या एका गावात त्यांची शेती आहे. पहिल्या बाळाचा पाळणा, झबली, गाडी हे सगळं आजोळकडून यायचं ही आमच्याकडची रीत, आणि नाना रीत मोडणारे नव्हेत. फोनवर त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "गाडी आम्हनाकडथीन." मग जळगाव आणि साक्रीच्या मधलं म्हणून धुळ्याला भेटायचं ठरलं. धुळ्यात सलीमभाईंचं लहान मुलांच्या सामानाचं मोठं दुकान आहे, तिथं.

आता नानांनी आयुष्यात मुलांची गाडी कधी विकत घेतली नव्हती. त्यांनी घेतले होते ते बैल. पन्नास वर्षं बैलबाजार कोळून प्यायलेला माणूस. दुकानात शिरल्यावर त्यांनी ओळीनं उभ्या असलेल्या बाबागाड्यांवरून नजर फिरवली, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि कामाला लागले. प्रत्येक गाडीभोवती एक फेरी मारायची, वाकून पोटाखाली बघायचं, मग मागून एक थाप द्यायची आणि ती दचकते का ते पाहायचं. मी निवडलेल्या लाल तीनचाकीसमोर ते बराच वेळ थांबले.

"हिले जरा चालाडी दखाड भाऊ."

सलीमभाईंनी ती दाराशी नेऊन परत आणली. नाना तिच्या चालीकडे डोळे बारीक करून बघत होते.

"कितला दाती शे?" बैलाचं वय दातांवरून ठरवायच्या सवयीनं त्यांनी विचारलं.

"नाना, हिला दात नसतात," सलीमभाई म्हणाले. "नवीन आहे."

इथवर मी सहन केलं. पण नाना बाहेर गेले आणि ज्या भाड्याच्या जीपनं आले होते तिच्यातून बाजरीचं पोतं खांद्यावर घेऊन आले. ते पोतं खरं तर लेकीला घरची बाजरी म्हणून आणलेलं होतं. चाळीस किलोचं!

"नाना, मुक्ता दहा किलोचीसुद्धा नाही," मी म्हणालो.

"आज नही. पन पोर वाढई का नही वाढई?"

पोतं पहिल्यांदा चढलं ते मनीषाला आवडलेल्या जांभळ्या, झालरवाल्या चारचाकीवर. त्या गाडीनं क्षणभर विचार केला आणि पुढचे दोन्ही पाय फाकवून ती खाली बसली. सलीमभाईंनी डोळे मिटून घेतले. मग ते पोतं माझ्या तीनचाकीत आलं. तिची सायकलसारखी हवा भरलेली चाकं बोटभर दबली आणि थांबली. नानांनी पोत्यासकट तिला दुकानभर फिरवलं. ती कुठं डुगडुगली नाही, कुठं कण्हली नाही. मी मनीषाकडे असा बघत होतो, जणू ते वजन मीच उचललंय.

"वजन झेलस," नाना म्हणाले. मी हात जोडणार एवढ्यात ते पुढं म्हणाले, "पन तीन तिघाडा, काम बिघाडा. जवाईबापू, तुम्ही शिकेल माणूस शेतस. पन नातनी पहिली गाडी, आणि तीन चाकनी?"

मी स्टुलाचं शास्त्र सांगितलं. नाना म्हणाले, स्टुलावर बसून कोणी गावाला जात नाही. शेवटी तोड निघाली. पुढच्या महिन्यात मुक्ताचं जाऊळ होतं, नानांच्याच गावच्या देवीपुढे. सासूबाई तसा नवस बोलल्या होत्या. त्या दिवशी घरापासून देवीच्या ठाण्यापर्यंत मुक्ताला तीनचाकीतून न्यायची. सगळ्या भाऊबंदांसमोर गाडी सुखरूप पोचली तर ती आमची. काही अडलं तर नाना ती परत करून चारचाकी आणणार. सलीमभाईंनी बदलून द्यायचं कबूल केलं. "पण पोतं परत आणू नका," असं ते नानांना दारापर्यंत सांगत आले.

जाऊळाच्या दिवशी सकाळी मी गाडीला झेंडूची माळ घातली. चाकांखाली लिंबं ठेवून ती फोडली. (नव्या गाडीचं सगळं रीतीप्रमाणे. तीन चाकं म्हणून तीन लिंबं. नानांनी गुपचूप चौथं आणून पुढच्या चाकाला लावलं.) ओट्यावर साठ-सत्तर माणसं बघत उभी होती. मी मुक्ताला उचलून गाडीत बसवलं.

मुक्तानं एक श्वास आत घेतला आणि असा टाहो फोडला, की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून पाहिलं.

खुळखुळा झाला, बिस्किट झालं, मनीषाचं गाणं झालं. पाठ गाडीला टेकली की तिचा आवाज चढायचा. शेवटी नानांनी तिला खांद्यावर घेतलं आणि ती लगेच हसायला लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रिकाम्या गाडीचा दांडा माझ्या हातात दिला.

मग मिरवणूक निघाली. पुढं वाजंत्री, मागं नानांच्या खांद्यावर मुक्ता, मग बायका, मग पुरुष, आणि सगळ्यात शेवटी झेंडूची माळ घातलेली रिकामी गाडी ढकलत मी. ठाणं गावापासून किलोमीटरभर लांब. आधी चढ, मग उतार, आणि उताराच्या पायथ्याशी देवी. बैलगाड्यांनी उखडलेल्या त्या वाटेवर माझी गाडी अशी सरळ चालली होती की कोणीतरी कौतुक करावं. कोणी वळूनही पाहिलं नाही. मनीषा तेवढी चार पावलं मागं राहिली आणि हळूच म्हणाली, "कोथिंबीर पावशेराच्या वर कधी आणली नव्हतीत ना तुम्ही? मग सोडायला फार जड जाणार नाही." त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. कूलरच्या वेळीही एवढं वाटलं नव्हतं.

ठाण्यावर पोचलो तर सगळं तयार होतं. पाट मांडलेला, नैवेद्य झाकलेला, पलीकडे वरण-बट्टीचा वास सुटलेला. मनीषाला भाऊ नाही, म्हणून मामाच्या जागी नाना मांडी घालून बसले. मुक्ता मांडीवर. आणि तेव्हा कळलं, की न्हावी नाही.

न्हावी म्हणजे भिका आबा. वय ऐंशीच्या घरातलं. मनीषाचं जाऊळ त्यांनीच काढलेलं, नानांचंही त्यांच्या वडिलांनी. दुसरा न्हावी चालणार नव्हता, आणि जाऊळ निघाल्याशिवाय नैवेद्य नाही, नैवेद्याशिवाय जेवण नाही. निरोप आला की आबांचा गुडघा सुजलाय, ते गावातच घरी बसून आहेत. ट्रॅक्टर पाण्याचे जार आणायला साक्रीला गेलेला, बैलगाड्या बाजाराला गेलेल्या. एक जण मोटारसायकल घेऊन गेला आणि तसाच परत आला.

"आबा म्हनस, फटफटीवर टांग टाकता येस नही."

साठ-सत्तर भुकेली माणसं नानांकडे बघायला लागली. नाना भिका आबांच्या नावानं काहीतरी पुटपुटले. आणि माझ्या डोक्यात सलीमभाईंचं दुकान लख्खकन उभं राहिलं.

"नाना," मी विचारलं, "आबांचं वजन किती असेल?"

"भिका? त्यानामा काय शे? व्हई चाळीस किलो."

मी पुढचं ऐकायला थांबलोच नाही. रिकामी गाडी घेऊन चढ चढलो, उतरलो, गावात शिरलो. आबा ओटीवर पाय लांब करून बसले होते. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. मी गाडी त्यांच्यापुढं लावली.

"आबा, बसा."

त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हाई तं पोरनी गाडी शे."

"बाजरीचं पोतं बसलंय हिच्यात."

हे त्यांना पटलं. ते बसले. दोन पाय पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, वस्तऱ्याची पेटी मांडीवर, गळ्याशी झेंडूची माळ. मी पट्टाही लावला, कारण मी शिक्षक आहे. चढावर माझा जीव निघाला, पण गाडीनं एकदाही तक्रार केली नाही. आबा मधूनमधून पेटीवर बोटं आपटून ताल धरत होते.

माथ्यावर पोचलो. समोर उतार, पायथ्याशी देवी आणि सगळं गोत. माझ्या डोळ्यांत घाम आला होता, म्हणून मी क्षणभर दोन्ही हात सोडून रुमाल काढला.

उतारावर ठेवलेली वस्तू खाली का जाते, हे मी अकरा वर्षं फळ्यावर शिकवतो आहे. आकृती काढून शिकवतो. ब्रेक लावायचा असतो हे मात्र त्या आकृतीत नसतं.

रुमाल डोळ्यांवरून काढला तर आबा वीस पावलं पुढं होते. मी धावलो. गाडी त्याहून जोरात धावली. खाली बायका किंचाळल्या, वाजंत्रीवाल्यांना वाटलं इशारा झाला आणि त्यांनी सूर लावला. मी मागून "आबा, धरा, धरा" ओरडत होतो. (काय धरा, ते मलाही माहीत नव्हतं.) मध्ये एक दगड आला. चारचाकी असती तर तिथंच आडवी झाली असती, हे मी शपथेवर सांगतो. माझी तीनचाकी दगडावरून एक उडी मारून पुन्हा तीन चाकांवर आली, वाट सपाट झाली तशी मंदावली, आणि देवीपुढच्या मऊ मातीत नानांच्या पाटापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

मी धापा टाकत पोचलो तेव्हा आबा पट्टा सोडून पेटी उघडत होते.

"लागनं का आबा?" नानांनी विचारलं.

"माले काय लागस?" आबा म्हणाले. "गाडी एक नंबर शे. पन जवाई माघे राही गयात."

सगळं गोत हसलं. हसू दे. त्याच वेळी एक आणखी गोष्ट घडली. आबा गाडीतून उतरले, आणि इतका वेळ नानांच्या मांडीवर खुशीत बसलेली मुक्ता गाडीकडे दोन्ही हात करून रडायला लागली. आपली गाडी कोणीतरी दुसरा चालवून आला, हे तिला सहन झालं नसावं. तिला गाडीत बसवलं तशी ती गप्प झाली. शेवटी नाना गाडीजवळ पाट घेऊन बसले, हात तिच्या पाठीशी धरला आणि जाऊळ तीनचाकीतच निघालं.

जेवताना नानांनी स्वतःच्या हातानं माझ्या पानात तुपाची धार धरली. ते म्हणाले, "जवाईबापू, गाडी चांगली निवडी तुम्ही." अख्ख्या पंगतीनं ऐकलं. मनीषानंही ऐकलं. मी आयुष्यात इतकी गोड बट्टी खाल्लेली नाही.

आता मुक्ता चालायला लागली आहे आणि गाडीत बसायला तिला वेळ नाही. पण चाळीस किलो झेलणारी गाडी रिकामी का ठेवायची, असं मनीषाचं म्हणणं पडलं. त्यामुळे घरातली सगळी खरेदी मानानं माझ्याकडे आली आहे. गहू, बटाटे, कांदे, भरताची वांगी, महिन्याचा किराणा, सगळं मी एकटा तीनचाकीतून ढकलत आणतो.

कोथिंबीर मात्र मनीषा स्वतः आणते. गाडीत ती चेपते म्हणे.