ठासणीचा बार

ठासणीची बंदूक घाईने भरता येत नाही. नळीत दारू ओतायची, वर चिंधी, मग गोळी, आणि सगळं गजाने ठासायचं. एखाद्याचा राग तेवढ्या वेळात निवून जातो. माझ्या सासऱ्यांचा निवला नाही.

पौषातली सकाळ होती. दहिवराने गवत पांढरं पडलं होतं. कुळथाच्या शेतातून जनावरं हाकलायला गेलेल्या माझ्या नवऱ्याला ज्या सांबराने शिंगावर घेऊन मारलं, ते समोर पाण्यावर आलं होतं. त्याचं डावं शिंग मोडकं होतं, त्यामुळे ओळख चुकणं शक्य नव्हतं. मामंजींनी बार काढला. सांबर कोसळलं, पण मेलं नाही. उठायला धडपडत राहिलं.

"दुसरा बार भरा, मामंजी," मी म्हणाले.

ते सावकाश दारू ओतू लागले. "माझा पोरगाही असाच पडला होता बांधाला. आपण पोचेपर्यंत एकटाच."

गज खालीवर होत होता, पण त्यांची नजर सांबरावरून हलत नव्हती. जनावराच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ हळूहळू विरळ होत गेली. मी पुन्हा घाई केली नाही. फक्त हात पुढे केला. त्यांनी भरलेली बंदूक माझ्याकडे दिली. मी जवळ गेले आणि चाप ओढला.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "तुला दया आली त्याची. बरं केलंस."

मी त्यांना तसं वाटू दिलं. खरं तर तो शेवटचा बार मला दुसऱ्या कोणाला काढू द्यायचाच नव्हता.