लाभापासून शिरगणती

सावली गावाजवळच्या त्या खेड्यात नानाजीशिवाय कुणाच्या खळ्यावरचं धान मोजलं जात नसे. ढिगापुढे उकिडवा बसून तो पायलीमागून पायली भरायचा आणि मोठ्यानं मोजायचा. मध्येच कुणी बोललं, तर असा बघायचा की बोलणाऱ्याची दातखीळ बसावी. मला मात्र त्याच्या मोजणीतलं एक कोडं सुटत नव्हतं. पहिल्या पायलीला तो 'एक' म्हणतच नसे, 'लाभ' म्हणे. मग दोन, तीन.

एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत शिरगणतीचं काम गावचा मास्तर म्हणून माझ्या गळ्यात पडलं. घरोघर गेलो, तर दारं बंद. चुलीचा धूर दिसे आणि आतून आवाज येई, "घरी कोनी नाई." आधी मी चिडलो, मग चक्रावलो आणि शेवटी नानाजीला विचारलं.

"मोजलं की घटते, मास्तर," तो म्हणाला. "धानाचं तसं, मानसाचंबी तसंच. तुमी दारात उभं राहून एक म्हनता, काऊन कोनी उघडन? लाभ म्हना. चाला, मी येतो संगं."

आणि आला. दारोदार तोच बोलायचा, "मोजलंच नाई, त इथी मानसं राह्यतेत हे सरकारले कसं समजन? विहीर कोनासाठी देईन ते?" मग घरातल्या थोरल्याकडे हात करून 'लाभ' म्हणायचा. दारं उघडत गेली. मी गालातल्या गालात हसत माणसागणिक चिठ्ठी लिहीत होतो.

शेवटी त्याचंच घर आलं. नानाजी ओसरीवर टेकला. "लाभ, मी. दोन, सुगंधाबाई," बायकोकडे बघत तो म्हणाला. "तीन, पोरगा मुखरू. चार, सून चंदा." आणि थांबला. मोजताना तो अडलेला मी कधी पाहिला नव्हता. आत धानाच्या ढोलीमागे तान्हं पोर रडत होतं. चंदाची आधीची दोन्ही बाळं महिनाभरही जगली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गावाला धीर देत फिरलेला हा माणूस स्वतःच्या दारात भ्याला होता. मला त्याची फार दया आली. बाळाचं न विचारताच मी चिठ्ठ्या गोळा करू लागलो.

तेवढ्यात चंदाच बाळ घेऊन बाहेर आली. तिनं ते सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"मामाजी, पुन्हा पयल्यापासून मोजा."

नानाजीनं बाळाच्या टाळूवर हात ठेवला.

"लाभ," तो म्हणाला. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, "दोन, मी."