गेरू, चुना आणि आंब्याची मुळं

विश्रामबागेतल्या आमच्या घरमालकांच्या आवारात कुठलीही वस्तू जास्त वेळ एका जागी थांबली, की तिला रंग लागलाच म्हणून समजा. एकाहत्तरच्या लढाईनंतर सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा कडेगावचा गडी. बंदूक सुटली, पण खाली गेरू आणि वर चुना मारायची पलटणीतली सवय काही सुटली नाही. तुळशीकट्टा रंगला, धुण्याचा दगड रंगला, पाण्याचं पिंप रंगलं. मी भाड्यानं राहायला आलो त्याच आठवड्यात माझी सायकल पंक्चर होऊन भिंतीला टेकली होती, तर तिच्याही चाकांवर पट्टे आले. तक्रार करायला गेलो, तर "मास्तर, हालवायची हुती," एवढंच म्हणाले.

पण त्यांचा खरा जीव अंगणातल्या आंब्यात. आंबा काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. उंब्रजच्या माहेरून आणलेल्या कोयीचा. माती धुपून त्याची मुळं वर आली होती, आणि तीही नेमकी दारापासून तुळशीपर्यंतच्या वाटेवर. त्यात काकींची नजर अधू होत चाललेली. एकदा त्या अडखळून पडल्या, मनगट मोडलं, आणि रजेवर आलेल्या मुलानं कुऱ्हाडच काढली. सुभेदार आडवे आले. मुळं तोडली तर पहिल्याच वावटळीत झाड कौलांवर येईल, म्हणाले. आई पुन्हा पडली तर झाडच ठेवणार नाही, असं बजावून मुलगा ड्यूटीवर गेला. काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकूण एक मूळ गेरू-चुन्यानं पट्टेरी झालेलं. मग रोज संध्याकाळी, सगळी आळी बघत असताना, सुभेदार काकींचा हात धरून तपासणीला निघायचे. काकी मुळापाशी थांबून सांगायच्या, इथं पुसट झालंय, की लगेच हे ब्रश घेऊन हजर. आम्ही पोट धरधरून हसायचो. काकी मात्र पुन्हा कधी पडल्या नाहीत. एकदा मी त्यांच्या नजरेचं कौतुक केलं, तर हळूच म्हणाल्या, "मला कुटला चुना दिसतोय? रोज फिरून पायांस्नी मुळं पाठ झाल्यात. पर त्यास्नी सांगू नगा. झाड जाईल."

काकी गेल्या, त्यानंतरच्या दसऱ्याला सुभेदार पुन्हा मुळं रंगवत बसलेले दिसले. न राहवून मी काकींचं गुपित सांगून टाकलं.

ब्रश थांबला नाही. "ठावं हाय मला. पर मास्तर, त्याबिगार चारचौघांत तिचा हात मला कोण धरू देत हुतं?"

त्यांनी बादली पुढच्या मुळाशी सरकवली. मी बराच वेळ तिथंच, एका जागी उभा होतो. तरी मला रंग लागला नाही; त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.