दिवाणाखालचा खिळा

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा युनियनवाले. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापील बाजूवरून मुद्दे काढून जाब विचारायला शिकले. त्यामुळे गेल्या वर्षी आईने मुलुंडच्या घरासाठी फणसाच्या लाकडाचा दिवाण करून घेतला, तेव्हा तो तपासायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

दिवाण करणारे मिस्त्रीकाका आमच्या गावचे. नोकरी सोडून त्यांनी मानखुर्दला स्वतःचं दुकान टाकलं होतं आणि हे त्यांचं पहिलंच काम. मजल्यावरच्या चार शेजारणी म्हणाल्या होत्या, "तुमचा चांगला निघाला तर आम्हीपण करू." म्हणजे काकांचं दुकान चालणार की नाही, ते माझ्या निकालावर. मी लगेच सतरा मुद्द्यांचं तपासणीपत्रक काढलं.

दिवाण आला. वर गोटी ठेवली, घरंगळली नाही. कडांवरून नायलॉनची ओढणी फिरवली; अडकली नाही. चार कोपऱ्यांवर चार शेजारणींना बसवलं. कुरकुर फक्त शेजारणींनी केली. सोळा मुद्दे पास. सतरावा मुद्दा म्हणजे काकांचा शब्द: एकही खिळा नाही, नुसतं लाकडात लाकूड बसवलंय. मी टॉर्च घेऊन खाली सरपटले आणि ओरडले, "खिळा!"

"अगो बाय, तो सांध्याक नाय," काका म्हणाले. "दिष्टीसाठी मारलंय. एवढा गुळगुळीत काम, कोणाची तरी नजर लागतली."

"म्हणजे शब्द मोडलात, वर अंधश्रद्धा!"

"राहू दे गं," आई म्हणाली. "तुझं काय खातोय तो?"

"आई, प्रश्न तत्त्वाचा आहे."

मी पकड लावली. खिळा हलेना. मग एका शेजारणीने माझी कंबर धरली, तिची दुसरीने. एक, दोन, तीन! खिळा आला. सोबत वीतभर फळीचा ढलपाही आला. आम्ही तिघी थेट बाथरूमच्या दारात.

"लागली ना नजर!" आई म्हणाली.

काकांनी ढलपा उचलला आणि फळीला परत लावून बघितला. त्यांचं पहिलंच काम मी मोडलं होतं. मी पत्रकावर निकाल लिहिला आणि मोठ्याने वाचला: "दोष एक. दोषी तपासनीस. मिस्त्री निर्दोष."

"ते आम्हाला दिसतंय गं," कंबर धरणारी म्हणाली. "एक खिळा काढायला तिघी लागल्या. काका, माझा लिहून घ्या."

चौघींनी तिथल्या तिथे ऑर्डर दिली. अट एकच: दिवाण येईल त्या दिवशी मी मजल्यावर दिसता कामा नये. काकांनी ते माझ्याकडून लेखी घेतलं. मी सही केली, खाली निषेध नोंदवून.