कुलूपमामाची खरी प्रत

नोकरीमुळे माणसाचा स्वभाव बिघडतो की बिघडलेल्या स्वभावाला साजेशी नोकरी मिळते, हे देव जाणे. कुलूपमामा कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसायचा आणि चिठ्ठीशिवाय कुणाला साधा वायसरही द्यायचा नाही. घरीही तेच. पेचकस हवा असेल तर मामीनं आधी कारण सांगायचं. एकदा ती वैतागून म्हणाली, "तुमच्या डोक्यात घालायचाय." तर हा म्हणाला, "आणि परत कधी देणार?"

या खेपेला त्यानं कुलूप घातलं ते थेट वडिलांना. म्हणजे वडिलांच्या आठवणींना. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. म्हातारपणी कॉम्प्युटर शिकले आणि जन्मभर जे तोंडावर बोलले नाहीत ते सगळं बडवून ठेवून गेले. मुलांनी ते नीटनेटकं करून छापायचं ठरवलं. मामानं आपल्या कॉम्प्युटरवर स्टोअरचीच पद्धत बसवली. खरी प्रत एकच, ती आपल्याकडे. वाचायला सगळ्यांना मोकळीक, पण बदल करायचा तर फाईल आपल्या नावावर घ्यायची, आणि तोवर दुसऱ्यानं हात लावायचा नाही. कुणी काय बदललं आणि का, याची नोंद कायमची. पहिल्यांदा फाईल त्यानं स्वतःच्याच नावावर घेतली आणि मग सोडलीच नाही.

त्याची थोरली बहीण, ताई, पलीकडच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवायची. ती विचारायची, "झालं का रे?" हा म्हणायचा, "स्वल्पविराम बघतोय." शेवटी एक दिवस ती हातातल्या कात्रीसकट आली.

"बाबांनी अख्ख्या आयुष्यात घेतला नसेल एवढा विराम तू त्यांना दिलास! ते काय तुझ्या एकट्याचे बाप होते?"

"शिस्त नसली की घोळ होतो, ताई."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

खरं दुखणं स्वल्पविरामाचं नव्हतंच. शेवटच्या पानावर बाबांनी लिहिलं होतं, 'माझ्यामागे ही दोन्ही कार्टी एकमेकांशी बोलायची नाहीत. लावता पैज?' त्या ओळीपाशी मामा अडकला होता. ठेवली तर ताईच्या मनाला लागणार, काढली तर वडिलांचा शब्द खोडणारा म्हणून नोंदीत आपलं नाव लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून त्यानं अख्खी फाईलच दाबून धरली. ताई कुठल्याही पुस्तकाची पाचच पानं वाचते, एवढाच काय तो आधार. पण त्या दाबून धरण्यानंच बाबा पैज जिंकत चालले होते, आणि ताईशिवाय मामाला करमत नव्हतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. मामीला न सांगताच कळलं होतं.

तिनंच ताईच्या मुलीला बोलावलं. भाची सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती आणि मामाला भीत नव्हती.

"मामा, ही पद्धत सोड. तुझ्याकडे पूर्ण प्रत, आईकडे पूर्ण प्रत, माझ्याकडेही, सगळ्या जुन्या नोंदींसकट. आपापल्या घरी बसून लिहा. मग मी दोन्ही एकत्र करते. एकाच जागी दोघांनी वेगवेगळं केलं असेल तरच मशीन विचारतं."

"मग खरी प्रत कुठली?"

"सगळ्याच."

"म्हणजे उद्या बापही दोन?"

"आत्ताही दोनच आहेत. एक तुझा, एक आईचा. आणि तुझा हा डबा बंद पडला तर एकही नाही."

मामानं कुरकुरत प्रती वाटल्या. मग एका दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, त्यानं आपल्या प्रतीतून ती ओळ काढून टाकली. मशीननं कारण विचारलं. त्यानं लिहिलं, 'स्वल्पविराम.'

प्रती एकत्र करायला सगळे ताईच्या दुकानात जमले. कापडं बेतायच्या टेबलाच्या एका टोकाला मामा, दुसऱ्याला ताई, आणि मध्ये भाची.

"एकाच ठिकाणी अडलंय," ती म्हणाली. "आजोबांची सायकल. मामा म्हणतो काळी, आई म्हणते हिरवी."

"आणि शेवटचं पान?" मामानं टेबलाकडे बघत विचारलं.

"तिथं काही अडलं नाही. एक ओळ होती, ती तुम्ही दोघांनीही काढलीय. दोघांनी सारखंच केलं की मशीन गप्प बसतं." तिनं नोंद वाचली. "मामाचं कारण, स्वल्पविराम. आईचं कारण, बाबा चुकले."

मामा ताईकडे वळला. "तू तर पाचच पानं वाचतेस ना?"

"शेवटची पाच, गाढवा."

मामाला रडूच फुटलं. टेबलावरचा एक तुकडा उचलून तो डोळे पुसायला लागला.

"चांगलं कापड आहे ते, ठेव खाली," ताई म्हणाली, पण तिचाही आवाज धड नव्हता.

मामानं कापड ठेवलं, नाक ओढलं आणि म्हणाला, "सायकल मात्र काळीच होती."

"हिरवी! मी पुढच्या दांडीवर बसायचे, तू जन्मलाही नव्हतास!"

"जन्मल्यावर मी पुसायचो ती!"

आवाज इतके चढले की दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत फिरलं. भाचीनं कपाळाला हात लावला. "ती काढलेली ओळ जुन्या नोंदींत आहे अजून. परत आणू का?"

"नको!" दोघंही एकदम ओरडले, आणि पुन्हा सायकलीवर आले.